वादळाचे बारसे

पोर्तो रिको बेटावरील कॅथलिक पंचांगात वर्षाचा प्रत्येक दिवस कोणा ना कोणा संताच्या नावे नोंदलेला असतो, आणि ज्या संताच्या दिवशी समुद्रावरून वादळ बेटावर चालून येई त्या संताचे नाव त्या वादळाला कायमचे चिकटे. ८ ऑगस्ट १८९९ रोजी ज्या वादळात तीन हजारांहून अधिक माणसे मेली ते सान सिरियाको. १३ सप्टेंबर १८७६ चे ते सान फेलिपे. आणि पुढे १९२८ साली, नेमक्या त्याच तारखेस, त्याहून भयंकर वादळ आले तेव्हा त्याला दुसरा सान फेलिपे म्हणण्यावाचून लोकांना गत्यंतर उरले नाही. हेच १९२८ चे वादळ पुढे फ्लोरिडात शिरले, तेथे ओकीचोबी सरोवराचा बांध ओलांडून पाण्याने अडीच हजारांवर माणसे बुडवली, आणि त्या मुलखाच्या दप्तरात ते ओकीचोबीचे वादळ म्हणून दाखल झाले. एकाच वाऱ्याला दोन ठिकाणी दोन नावे पडली याचे कारण असे की, त्या काळी नाव पडे ते आघाताला. ज्या गावी, ज्या दिवशी तो बसला त्याची ती खूण असे, आणि ती मृतांचे अंत्यसंस्कार उरकल्यावर मागाहून केली जाई.

आज श्रीवर्धनच्या बागाईतदाराला किंवा हर्णैच्या नाखव्याला वादळाचे नाव ते किनाऱ्याला लागण्याच्या कित्येक तास आधी ठाऊक असते. मरणोत्तर दिले जाणारे नाव असे जन्मासरशी दिले जाऊ लागले, हा पालट वादळाच्या माथी एखादी गोंडस संज्ञा मारण्याच्या हौसेतून झालेला नाही. समुद्रावर कोठेतरी आकारास आलेला एक आवर्त आज येथे, उद्या तेथे दिसला तरी तो एकच आहे, असे खात्रीने म्हणता येईपर्यंत त्याचे बारसे होणेच अशक्य होते. म्हणून वादळांच्या नावांची कुळकथा सांगू जाता ती वादळांचा माग काढण्याच्या विद्येचीच कुळकथा होऊन बसते.

माग नसला म्हणजे काय होते, याचे उदाहरण आपल्या पश्चिम किनाऱ्यानेच पाहिलेले आहे. नोव्हेंबर १८८८ मध्ये ‘वैतरणा’ नावाची आगबोट कच्छमधील मांडवी बंदरातून मुंबईस निघाली. वऱ्हाडी मंडळी, व्यापारी आणि मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेस निघालेले विद्यार्थी असे सातशेहून अधिक जीव तिच्यावर होते, आणि काठेवाडच्या किनाऱ्यालगत वादळात ती जी नाहीशी झाली ती पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडली नाही. ठाणे जिल्ह्यातील नदीचे नाव मिरवणारी ही बोट तिच्यावरील विजेच्या दिव्यांमुळे लोकांत ‘वीजळी’ म्हणून ओळखली जाई. ज्या वादळाने ती गिळली त्याला मात्र नाव नाही. गुजराती लोकगीतांनी स्मरणात ठेवली ती बोट आणि तिचा कप्तान हाजी कासम.

वादळ हा एकच एक फिरता पदार्थ आहे, ही जाणीव प्रथम ज्यांना झाली त्यांत खोगिरे बनवण्याचा धंदा शिकलेला अमेरिकेतील विल्यम रेडफील्ड हा अग्रगण्य होय. १८२१ च्या वादळानंतर कनेटिकट प्रांतातून जाताना एका भागातील झाडे ज्या दिशेस उन्मळून पडली होती त्याच्या विरुद्ध दिशेस पलीकडच्या भागातील पडलेली त्याला आढळली, आणि वारा वर्तुळाकार फिरत पुढे सरकला असला पाहिजे असे अनुमान त्याने १८३१ साली प्रसिद्ध केले. कलकत्त्यास सागरी चौकशीच्या न्यायासनावर बसणाऱ्या हेन्री पिडिंग्टनने वादळात सापडलेल्या जहाजांच्या रोजनाम्यांवरून तोच सिद्धान्त बंगालच्या उपसागराला लावला, आणि १८४८ साली खलाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकात अशा वादळांना ‘सायक्लोन’ ही संज्ञा दिली. परंतु हे सारे ज्ञान वादळ होऊन गेल्यावरचे होते. रोजनामे बंदरात येईपर्यंत वादळ विरलेले असे, आणि पुष्कळदा रोजनामा लिहिणारा परतच येत नसे.

वादळ जिवंत असताना त्याचा माग काढण्याचे काम ज्याने खऱ्या अर्थाने आरंभिले तो पुरुष म्हणजे हवाना येथील जेझुइट पाद्री बेनितो विन्येस, आणि त्याच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिल्यावाचून माझ्याने पुढे जाववत नाही. कातालोनियात १८३७ साली जन्मलेला हा धर्मोपदेशक १८७० मध्ये हवानाच्या बेलेन महाविद्यालयातील वेधशाळेचा प्रमुख झाला, आणि पुढील तेवीस वर्षे, १८९३ साली देह ठेवीपर्यंत, त्याने आकाशाकडे पाहण्याखेरीज जणू दुसरे व्रत स्वीकारले नाही. वादळाच्या माथ्यावरून चहूकडे फेकले जाणारे पिसांसारखे उंच पांढरे ढग, म्हणजे तंतुमेघ, कोणत्या बिंदूपासून पसरत आहेत हे बारकाईने पाहिले तर क्षितिजापलीकडील वादळाचा केंद्रबिंदू कोणत्या दिशेस आहे याचा अंदाज करता येतो, हे त्याने वर्षानुवर्षांच्या नोंदींनी दाखवून दिले. वायुभारमापक यंत्राचा पारा उतरू लागण्याच्या कितीतरी आधी ढगच वार्ता आणतात. तथापि एका माणसाचे डोळे एका गच्चीपुरते, हे ओळखून त्याने अँटिलीज बेटांवर निरीक्षक नेमले, तारायंत्राच्या आणि आगबोटींच्या कंपन्यांना आपल्या कार्यात सामील करून घेतले, आणि बेटाबेटांवरून येणाऱ्या तारा एकत्र जुळवून वादळाची चाल नकाशावर मांडण्यास प्रारंभ केला. ११ सप्टेंबर १८७५ रोजी हवानाच्या वृत्तपत्रांतून त्याने दिलेला इशारा दोनच दिवसांत खरा ठरला, आणि क्यूबाच्या दक्षिण किनाऱ्यावरील अनेकांचे प्राण वाचले. सरकारी हुकमाचे बळ पाठीशी नसलेल्या एका पाद्र्याच्या शब्दावर बंदरातली जहाजे नांगर टाकून थांबू लागली, यापरता त्या विद्येचा गौरव तो कोणता!

या विद्येचे पुढे काय झाले ती हकीकत क्लेशकारक आहे. १८९८ च्या युद्धानंतर क्यूबा अमेरिकेच्या लष्करी अंमलाखाली आले, आणि विलिस मूर यांच्या अधिकाराखालील अमेरिकन हवामान खात्याला क्यूबातील निरीक्षकांचे इशारे विनाकारण घबराट पसरवणारे वाटू लागले. तेव्हा ऑगस्ट १९०० च्या अखेरीस, ऐन वादळांच्या मोसमात, क्यूबातून हवामानविषयक तारा पाठवण्यास लष्करी खात्याकरवी मनाई करण्यात आली. त्याच सुमारास एक वादळ क्यूबावरून पुढे सरकले. बेलेनच्या वेधशाळेतील विन्येसच्या वारसांचे मत ते आखातातून टेक्ससकडे जाईल असे पडले, तर वॉशिंग्टनच्या कचेरीची समजूत ते उत्तरेस वळून अटलांटिककडे निघून जाईल अशी होती. ८ सप्टेंबर रोजी ते टेक्ससच्या गॅल्व्हस्टन शहरावर आदळले. अडतीस हजार वस्तीच्या, समुद्रसपाटीपासून जेमतेम नऊ फूट उंचीच्या त्या बेटावर पंधरा फूट पाणी चढले, आणि कमीत कमी सहा हजार माणसे एका रात्रीत मृत्युमुखी पडली. हवानातील माणसांना जे कळले होते ते गॅल्व्हस्टनपर्यंत पोहोचू दिले गेले नाही. ती तार तोडली गेली तेथेच त्या वादळाची ओळखही तुटली. त्याला नाव मिळाले ते मागाहून, आणि तेही त्याने उद्ध्वस्त केलेल्या शहराचे.

वादळाला माणसाचे नाव देण्याची कल्पना मात्र याच सुमारास पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास एका विक्षिप्त पण बुद्धिमान हवामानतज्ज्ञाच्या डोक्यात आली होती. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड सरकारच्या सेवेत १८८७ साली दाखल झालेला क्लेमेंट रॅग आपल्या नकाशावरील वादळांना प्रथम ग्रीक मुळाक्षरे देई, मग पुराणकथांतील आणि पॉलिनेशियन बेटांवरील नावे देऊ लागला, आणि अखेरीस ज्या राजकारणी पुरुषांशी त्याचा खटका उडे त्यांचीही नावे त्याने वादळांना दिली. मार्च १८९९ मध्ये, म्हणजे सान सिरियाकोच्या पाचच महिने आधी, ज्या वादळाला त्याने ‘माहिना’ असे मृदू नाव दिले त्याने बाथर्स्ट उपसागरात नांगरून राहिलेला मोती काढणाऱ्यांचा तांडा बुडवला आणि तीनशेहून अधिक माणसांचा बळी घेतला. रॅगला नाव देता आले कारण तारायंत्रावरून येणाऱ्या वायुभाराच्या आकड्यांनी त्याला वादळाचा ठाव लागत होता. बिनतारी यंत्र नसलेल्या त्या गलबतांपर्यंत त्याचा शब्द नेणारे साधन मात्र तेव्हा जगात नव्हते. १९०३ साली रॅग त्या खात्यातून बाहेर पडला आणि त्याची प्रथाही लोपली.

लोपली, पण निर्वंश झाली नाही. सर नेपियर शॉ यांच्या हवामानशास्त्रावरील ग्रंथात या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञाच्या सवयीचा ओझरता उल्लेख होता. तो कॅलिफोर्नियातील साहित्याचे प्राध्यापक जॉर्ज स्ट्यूअर्ट यांच्या वाचनात आला, आणि १९४१ साली त्यांनी ‘स्टॉर्म’ नावाची जी कादंबरी लिहिली तिच्यातील तरुण हवामानतज्ज्ञ एका वादळाला मनातल्या मनात ‘मारिया’ म्हणू लागतो. त्याच वर्षी अमेरिका महायुद्धात उतरली. पॅसिफिक महासागरावर तैनात झालेल्या सैनिकी हवामानतज्ज्ञांत ही कादंबरी हातोहात फिरली, आणि रोज नकाशावर टायफूनच्या जागा मांडणारे हे तरुण आपापल्या बायकांची आणि प्रेयसींची नावे वादळांना देऊ लागले. दूर राहिलेल्या माणसांची आठवण त्यात असेलच. पण खडखडणाऱ्या बिनतारी यंत्रावर अक्षांश-रेखांशांचे आकडे ऐकून दोन वादळांची गल्लत होण्यापेक्षा एक लहानसे नाव ऐकणे सुरक्षित, हा अनुभव त्यांतून पक्का झाला. त्याच युद्धकाळात, जुलै १९४३ मध्ये, जोसेफ डकवर्थ नावाच्या वैमानिकाने गॅल्व्हस्टनजवळच्याच एका वादळाच्या केंद्रात विमान घातले आणि ते सुखरूप बाहेर आणले. यापुढे वादळाची वाट पाहत बसण्याचे कारण उरले नाही. त्याच्याकडे जाता येऊ लागले. १९६० साली पहिला हवामान-उपग्रह आकाशात गेला, आणि मग जेथे ना जहाज ना बेट अशा समुद्रावरचा जन्मही लपून राहीना.

अटलांटिकवर १९५० पासून सैनिकी मुळाक्षरांची ‘एबल’, ‘बेकर’, ‘चार्ली’ अशी नावे वापरली गेली. मुळाक्षरांचाच नवा आंतरराष्ट्रीय संच आल्यावर घोटाळा होऊ लागला, तेव्हा १९५३ पासून स्त्रियांच्या नावांची सूची स्वीकारण्यात आली. ज्या वादळाने फार मोठा संहार केला त्याचे नाव सूचीतून काढून टाकण्याची रीत पुढच्याच वर्षाच्या कॅरोल आणि हेझल या वादळांपासूनची. विध्वंसाला केवळ स्त्रीचेच नाव का, हा प्रश्न फ्लोरिडातील रॉक्सी बोल्टन या कार्यकर्तीने १९७० नंतरच्या वर्षांत खात्यासमोर धसास लावला. सिनेटरांना आपले नाव कशालातरी दिलेले आवडते, तेव्हा त्यांचीच नावे द्या, असे तिचे म्हणणे होते. तिचा प्रश्न मला सर्वथा न्याय्य वाटतो, कारण वृत्तपत्रांतून त्या नावांच्या आधाराने होणारी वर्णने स्त्रीजातीचा अवमान करणारी असत. १९७९ साली अटलांटिकवर ‘बॉब’ हे पहिले पुरुषी नाव आले, आणि त्याच मोसमातील ‘डेव्हिड’ने डोमिनिकन प्रजासत्ताकात दोन हजारांवर माणसे मारली.

आपल्या समुद्रांवर ही प्रथा फार उशिरा आली. कलकत्त्याला १८६४ साली वादळाचा जबर तडाखा बसल्यानंतर तेथील बंदरासाठी धोक्याच्या सूचना सुरू झाल्या, १८७५ मध्ये हिंदुस्थानचे हवामान खाते स्थापन झाले, आणि कोकणातल्या बंदरांवर वादळाचा बावटा चढू लागला. तरीही वादळे वर्ष आणि अनुक्रमांक यांनीच ओळखली जात. सुमारे दहा हजार माणसांचा बळी घेणारे ऑक्टोबर १९९९ चे ओडिशाचे महावादळ अखेरपर्यंत अनामिकच राहिले. नाना भाषा, नाना धर्म यांच्या या प्रदेशात कोणाचे नाव कोणास लागेल या धास्तीने जे टाळले जात होते ते २००० साली मस्कतच्या बैठकीत मान्य झाले, आणि २००४ पासून आठ देशांनी दिलेल्या चौसष्ट नावांची सूची अमलात येऊन अरबी समुद्रातील ‘ओनिल’ हे पहिले नामांकित वादळ ठरले. ती सूची मे २०२० मध्ये ‘अम्फान’बरोबर संपली. तेरा देशांच्या एकशे एकोणसत्तर नावांच्या नव्या सूचीतील पहिले नाव बांगलादेशाने दिलेले ‘निसर्ग’; ३ जून २०२० रोजी ते रायगडच्या किनाऱ्याला लागले आणि श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या त्याने भुईसपाट केल्या.

एका वादळाला एकच नाव, हा दंडक मात्र आजही निरपवाद नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये ‘गुलाब’ बंगालच्या उपसागरातून आंध्रच्या किनाऱ्यावर चढले, क्षीण होत मराठवाड्यावर धो धो कोसळले, आणि त्याचे अवशेष अरबी समुद्रात उतरून पुन्हा बळावले तेव्हा त्यांना सूचीतील पुढचे नाव, ‘शाहीन’, मिळून ते ओमानवर गेले. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरच्या मर्यादेखाली गेला की नाव संपते, आणि ती ओलांडून नवा आवर्त उभा राहिला की नवे नाव लागते, असा हा हिशेब आहे.

नावे सुचवणाऱ्या देशांना आज घातलेल्या अटी मोठ्या काटेकोर आहेत: नाव लहान असावे, उच्चारास सुलभ असावे, क्रूर वा अवमानकारक नसावे, आणि राजकारण, राजकीय व्यक्ती, धर्म, संस्कृती, लिंग यांपैकी कशाच्याही बाजूचे नसावे. रॅगची राजकारणी माणसे आणि पोर्तो रिकोचे संत हे दोघेही या अटींनी बाद ठरतात. अट किती नाजूक आहे हे २०१३ साली दिसले. श्रीलंकेने स्वतःच सुचवलेले ‘महासेन’ हे नाव एका वादळास मिळाले, तेव्हा प्रचंड जलाशय बांधून देशाला समृद्धी देणाऱ्या राजाचे नाव संहाराला का, अशी हरकत त्याच देशातील लोकांनी घेतली, आणि पुढे त्याचे नाव बदलून ‘वियारू’ करण्यात आले.