आयर्विन पुलावरचे आकडे

पावसाळ्यात सांगलीकरांची सकाळ एका प्रश्नाने उजाडते : आयर्विन पुलापाशी कृष्णा किती फुटांवर आहे? तत्कालीन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांचे नाव लाभलेला हा पूल १९२९ सालचा. येथे ४० फूट ही इशारा पातळी, तर ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते.

या पुराची पहिली वार्ता मात्र सातारा जिल्ह्यातून येते. महाबळेश्वर, नवजा परिसरातील पाऊस कोयना धरणात साठतो. धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी असून एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी. विसर्ग क्युसेकमध्ये, म्हणजेच दर सेकंदाला किती घनफूट, असा मोजतात. एक लाख क्युसेकचा विसर्ग दिवसभर राहिल्यास ८.६४ टीएमसी पाणी वाहून जाते. हे पाणी कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेत येते. पुढे सांगलीच्या खालच्या अंगाला, हरिपूरजवळ वारणा कृष्णेला मिळते. वारणेलाही पूर असल्यास कृष्णेचे पाणी तुंबते आणि शहरातील फुगवटा लवकर ओसरत नाही.

२००५ मध्ये पातळीने ५३ फूट ओलांडले, तर ऑगस्ट २०१९ मध्ये ५७ फूट. जुलै २०२१ मध्ये शहर पुन्हा जलमय झाले.

त्यामुळे केवळ पुलावरची पातळी पाहणे पुरेसे नाही. कोयनेचा साठा, विसर्ग आणि पाणलोटातील पाऊस हे आकडे एकत्र वाचले, तरच घरातील सामान वेळीच वरच्या मजल्यावर नेता येते.