एसएफ-६ : ‘निरुपद्रवी’ वायूची सव्वाशे वर्षं

आज आपण एका वायूचा इतिहास पाहणार आहोत. त्याचं रासायनिक नाव सल्फर हेक्साफ्लोराइड. सबस्टेशनात आणि कारखान्यात मात्र सगळे त्याला ‘एसएफ सिक्स’ म्हणतात, म्हणून आपणही एसएफ-६ असंच म्हणू. विजेच्या मोठ्या स्विचगिअरमध्ये विद्युतरोधक म्हणून तो भरलेला असतो. ज्या गुणामुळे हा वायू सुरक्षित मानला गेला, नेमका तोच गुण पुढे अडचणीचा ठरला. हे कसं झालं आणि आज या वायूजवळ काम करणाऱ्यांनी त्यातून काय घ्यायचं, एवढं आपण पाहू.

मुळात असा वायू लागतो कशाला? घरातला दिवा बंद करताना बटणात कधी कधी बारीक ठिणगी दिसते. तिथे विद्युतदाब असतो २३० व्होल्ट. आता २ लाख २० हजार व्होल्टची लाइन बंद करायची आहे असं समजा. ब्रेकरचे दोन संपर्क एकमेकांपासून दूर गेले, तरी प्रवाह थांबत नाही. मधल्या फटीत आर्क पेटतो, त्याचं तापमान हजारो अंशांवर जातं आणि त्या आर्कमधूनच वीज वाहत राहते. आपल्या ५० हर्ट्झच्या पुरवठ्यात प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो. त्या क्षणी फटीतलं माध्यम पुन्हा विद्युतरोधक झालं, तरच आर्क विझतो. नाही झालं, तर तो परत पेटतो. स्विचगिअरचा सगळा इतिहास म्हणजे हे काम करणाऱ्या माध्यमाचा शोध आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे काम तेल करत होतं. संपर्क तेलात बुडवलेले असत. आर्कच्या उष्णतेने तेलाचं विघटन होऊन हायड्रोजन तयार होई आणि तोच आर्कला थंड करी. युक्ती चांगली होती, पण टाकी फुटली तर गरम तेल आणि हायड्रोजन एकदमच पेट घेत. मग दाबाखालच्या हवेचा झोत मारणारे ब्रेकर आले. आगीची भीती गेली, पण कॉम्प्रेसर सांभाळणं आलं, आणि ब्रेकर उघडताना तोफ डागल्यासारखा आवाज येई. न पेटणारं, आवाज न करणारं आणि थोड्या जागेत मावणारं असं काहीतरी हवं होतं.

असा वायू खरं तर केव्हाच तयार झालेला होता. फ्लोरिन वेगळा काढण्याच्या प्रयत्नांत एकोणिसाव्या शतकात कित्येक रसायनशास्त्रज्ञ जखमी झाले, काही दगावले. १८८६ मध्ये आन्री म्वासाँ यांना ते पॅरिसमध्ये जमलं, आणि १९०६ चं नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं. १९०० च्या सुमारास म्वासाँ आणि पॉल लेबो यांनी गंधकाची फ्लोरिनशी अभिक्रिया घडवून एसएफ-६ बनवला. गंमत बघा, फ्लोरिन दिसेल त्याला खाऊन टाकणारा, आणि त्याच्यापासून झालेला हा वायू मात्र कशालाच दाद देत नाही. रंग नाही, वास नाही, जळत नाही, पाण्याशीही अभिक्रिया करत नाही. गंधकाच्या अणूला सहा बाजूंनी फ्लोरिनने असं घट्ट वेढलेलं असतं, की बाहेरच्याला शिरायला जागाच उरत नाही.

पुढची तीन-चार दशकं हा वायू जवळजवळ प्रयोगशाळेतच राहिला. १९३० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत विद्युतरोधक म्हणून त्याचा विचार सुरू झाला, आणि १९५० च्या दशकात वेस्टिंगहाउसच्या अभियंत्यांनी त्याचे ब्रेकर बाजारात आणले. तेव्हा लक्षात आलं, की याच्यात दोन गुण आहेत. पहिला, मोकळे इलेक्ट्रॉन तो पटकन पकडून ठेवतो. त्यामुळे सारख्याच दाबाला त्याची रोधनक्षमता हवेच्या अडीच ते तीनपट भरते. दुसरा, आर्कमध्ये त्याचे रेणू फुटतात, पण आर्क विझताच बहुतेक तुकडे परत जुळून पुन्हा एसएफ-६ तयार होतो. तेल काळं पडतं, हा वर्षानुवर्षं टिकतो.

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात झुरिच, बर्लिन अशा शहरांत सबंध सबस्टेशनच या वायूने भरलेल्या धातूच्या नळकांड्यांमध्ये बसवलं जाऊ लागलं. त्यालाच आपण जीआयएस म्हणतो. मोकळ्या यार्डाला लागणाऱ्या जागेच्या अगदी थोड्या हिश्श्यात ते मावतं. मुंबईसारख्या शहरात, जिथे जमिनीचा तुकडा मिळणं मुश्कील, तिथे याचं मोल वेगळं सांगायला नको. नाशिकच्या कारखान्यांतही एसएफ-६ ब्रेकर बनू लागले.

आता नाण्याची दुसरी बाजू. हा वायू सुरक्षित आहे असं जे म्हटलं गेलं, ते कुणाच्या दृष्टीने? ब्रेकरशेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या. तो विषारी नाही, पेटत नाही, म्हणून दुरुस्तीच्या वेळी सरळ हवेत सोडून द्यायची रीत कित्येक ठिकाणी पडली. पुढे तर तो खेळाच्या बुटांच्या हवेच्या पिशव्यांत आणि दुहेरी काचांच्या खिडक्यांतही भरला गेला.

पण जो कशाशीही अभिक्रिया करत नाही, तो हवेत गेल्यावर नष्ट तरी कसा होणार? जेम्स लव्हलॉक यांनी १९५० च्या दशकात एक अतिसंवेदनशील शोधक बनवला होता. इलेक्ट्रॉन पकडणारे रेणू तो ओळखत असे. म्हणजे ज्या गुणामुळे एसएफ-६ ब्रेकरमध्ये उपयोगी पडतो, त्याच गुणामुळे तो या यंत्रात सापडतो. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच लव्हलॉक यांनी हवेतला एसएफ-६ मोजून दाखवला. आज हवेच्या एक लाख कोटी भागांत त्याचे ११ हून अधिक भाग आहेत. आकडा अगदीच किरकोळ वाटेल, पण शंभर वर्षांचा हिशेब धरला तर १ किलो एसएफ-६ सुमारे २३,५०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. तो वातावरणात टिकतो किती? जुना अंदाज ३,२०० वर्षांचा होता, नव्या अभ्यासांनी तो १,००० वर्षांच्या आसपास आणला. १९९७ च्या क्योटो करारात ज्या सहा वायूंची किंवा वायुगटांची नावं आली, त्यांत हाही होता.

हिशेब करून पाहू. एका उपकरणात ५० किलो वायू आहे आणि वर्षाला १ टक्का गळतो. म्हणजे अर्धा किलो गेला. तो जवळपास १२ टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा. अलार्म वाजला की टॉप-अप मारायचा आणि गळती तशीच ठेवायची, ही सवय किती महाग पडते ते यावरून कळेल. सिलिंडर वापरण्याआधी आणि नंतर वजन करून नोंद ठेवली, तर गळती लपून राहत नाही. दाब तापमानाबरोबर बदलतो, म्हणून घनतामापकावर लक्ष ठेवायचं. आणि उपकरण उघडण्याआधी वायू हवेत न सोडता रिकव्हरी यंत्राने काढून घ्यायचा.

शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या बाबतीतही ‘निरुपद्रवी’ हे अर्धंच सत्य होतं. हा वायू हवेच्या पाचपट जड. गळला की केबलच्या चरांत, तळघरात, खड्ड्यात साचतो आणि तिथला प्राणवायू वर ढकलतो. विषबाधा नाही, वास नाही, माणूस गुदमरून कोसळतो. म्हणून खाली उतरण्याआधी प्राणवायू मोजायचा, जमिनीलगतची हवा पंख्याने बाहेर काढायची आणि एकट्याने उतरायचं नाही. कुणी खाली पडलेला दिसला, तरी श्वसनयंत्राशिवाय मागे उडी घ्यायची नाही, नाहीतर एकाचे दोन होतात.

दुसरी गोष्ट, आर्क झेललेला वायू हा बाटलीतल्या शुद्ध वायूसारखा नसतो. थोडे रेणू परत जुळत नाहीत. ओलावा आणि धातू यांच्याशी मिळून हायड्रोजन फ्लोराइड, थायोनिल फ्लोराइड अशी विषारी संयुगं होतात, आणि तळाला पांढरट भुकटी बसते. सडक्या अंड्यासारखा किंवा झोंबरा वास आला, तर लगेच बाहेर पडायचं. ती भुकटी हाताने पुसायची नाही, झाडूने झाडायची नाही. हातमोजे, पूर्ण पोशाख आणि योग्य मास्क घालून खास व्हॅक्युम क्लीनरनेच ती काढायची, आणि हात धुतल्याशिवाय चहा-तंबाखू काही नाही.

युरोपात २०२४ च्या कायद्याने २४ किलोव्होल्टपर्यंतच्या नव्या स्विचगिअरमध्ये फ्लोरिनयुक्त वायूंना १ जानेवारी २०२६ पासून मनाई झाली, काही अपवाद सोडून. वरच्या विद्युतदाबांसाठी असे टप्पे २०३२ पर्यंत आखले आहेत. निर्वात ब्रेकर, शुद्ध हवा, वेगळी वायुमिश्रणं असे पर्याय येत आहेत. पण आज बसवलेली उपकरणं तीस-चाळीस वर्षं चालणार आहेत. म्हणजे कायदा काहीही म्हणो, त्यांतला वायू सांभाळणं हे आजच्या आणि उद्याच्या ऑपरेटरचंच काम राहणार.

आणि पर्यायांकडे पाहतानाही आपण हा इतिहास आठवावा. तेलाची आग डोळ्यांना दिसत होती, हवेचा आवाज कानांना ऐकू येत होता. एसएफ-६ चा दोष दिसलाही नाही आणि ऐकूही आला नाही, म्हणून तो कळायला इतकी वर्षं गेली. तेव्हा नवा वायू ‘सुरक्षित’ आहे असं कुणी म्हटलं, की दोन प्रश्न विचारायचे : कुणासाठी, आणि किती वर्षांसाठी?

इथे थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ.