कलाशिक्षण, सर्वसमावेशक (हैदराबाद)

शाळेत येणाऱ्या बालकाची घरची भाषा, त्याची जात, धर्म वा शरीराची मर्यादा ही कलाशिक्षणातील अडचण न समजता त्या शिक्षणाचेच द्रव्य समजणारी अध्यापनपद्धती, आणि तिचा भार एकट्या चित्रकलाशिक्षकावर न टाकता मुख्याध्यापक व व्यवस्थापक मंडळाने तो स्वतः उचलावा असा विचार. संज्ञा अलीकडची असली तरी तिच्यामागचा प्रश्न हैदराबादेस जुना आहे. कारण उर्दू, तेलुगू, मराठी व कानडी अशा चार भाषांच्या प्रजेवर एकाच दरबारी भाषेतून अंमल चालविणाऱ्या या निजामी संस्थानात मुलाला कोणत्या भाषेत गाऊ द्यावे, हा प्रश्न सररिश्ते-तालीमातच्या, म्हणजे शिक्षणखात्याच्या, दप्तरापर्यंत पोहोचल्यावाचून राहत नसे.

1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू ठरविले. एका भारतीय भाषेला विद्यापीठाच्या पीठावर बसविण्याचे हे धाडस निःसंशय मोठे. परंतु ज्यांच्या घरी ती भाषा बोलली जात नव्हती, त्या मराठी, तेलुगू व कानडी मुलांच्या वाट्याला त्यातून नवे परकेपणच आले. ही उणीव खासगी शाळा काही अंशी आधीपासूनच भरून काढत होत्या. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक प्रभृतींच्या प्रयत्नाने 1907 मध्ये उभी राहिलेली विवेकवर्धिनी ही त्यांतील अग्रणी. तिच्या आरंभीच्या खटपटीत श्रीपाद दामोदर सातवळेकर होते, ही गोष्ट कलाशिक्षणाच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. कारण वेदांचे भाष्यकार म्हणून पुढे विख्यात झालेला हा पुरुष मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेला व हैदराबादेत चित्रशाळा थाटून बसलेला व्यावसायिक चित्रकार होता. 1920 च्या दशकात खासगी मदरशांना, म्हणजे शाळांना, पूर्वपरवानगीचे बंधन घालणारी गश्ती (परिपत्रक) निघाली आणि जाहीर सभांवर गश्ती निशाण 53 ची पकड बसली, तेव्हा शालिबंड्याच्या भारत गुणवर्धक संस्थेसारख्या (स्थापना 1895) संस्थांमधील उत्सव, कीर्तन व वाचनालय यांवर शाळेचे अर्धे काम येऊन पडले.

मराठी वस्तीबाहेर याच काळात भाग्यरेड्डी वर्मा (1888–1939) यांचे कार्य चालू होते, आणि या नोंदीच्या विषयाला ते विवेकवर्धिनीहूनही निकटचे आहे. 1906 मध्ये जगन्मित्र मंडळी स्थापून त्यांनी अस्पृश्य वस्त्यांतून हरिकथेच्या द्वारे समाजसुधारणेचा प्रसार आरंभिला, आणि 1910 पासून इसामिया बाजार, लिंगमपल्ली इत्यादी ठिकाणी त्या मुलांसाठी शाळा उघडल्या. ज्या वर्माजींनी परंपरेतील हरिकथा शिक्षणासाठी स्वीकारली, त्यांनीच मुली देवाला वाहण्याची, तितकीच परंपरागत, चाल निषिद्ध मानून तिच्याविरुद्ध झुंज दिली. ‘संस्कृतीनुरूप’ शिक्षण म्हणजे जे जे जुने ते ते शाळेत आणणे, असा जो भाबडा अर्थ हल्ली केला जातो, त्याचे उत्तर या एका उदाहरणात आहे.

परंपरेतील काय घ्यावे व कसे घ्यावे, या निवडीची दुसरी कसोटी म्हणजे तेलंगणातील चेरियाल येथील पटचित्रे होत. चिंचोक्याची खळ, तांदळाची पेज व पांढरी माती यांचा लेप दिलेल्या खादीवर, लाल पार्श्वभूमीवर रंगविलेला हा लांब पट उलगडत कथेकरी गावोगाव आख्यान सांगत असे. मात्र प्रत्येक जातीचा पट निराळा व कथेकरीही निराळा. मुदिराजांपुढे काकिपडगलांनी गावे आणि मादिगांचे जांबपुराण डक्कलींनी सांगावे, असा हा नेम. आज शाळाशाळांतून हाच पट ‘तेलंगणाची लोककला’ म्हणून गिरवून घेतला जातो. मुले लाल रंग भरतात, पण कोणाचे पुराण कोण सांगे हे त्यांना कोणी सांगत नाही, आणि मादिगाच्या मुलाला आपल्या घरचेच आख्यान निनावी सजावट होऊन भेटते. हा समावेश नव्हे. नुसती रंगरंगोटी आहे.

मराठी मुलांच्या बाबतीत उलट प्रकार झाला. औरंगाबाद सुभ्यातील अजिंठा निजामी अंमलात असल्यामुळे 1909–11 मध्ये लेडी हेरिंगहॅम यांनी तेथील भित्तिचित्रांच्या नकला करविल्या, तेव्हा नंदलाल बोस आदींबरोबर हैदराबादचे सय्यद अहमद व फझलुद्दीन काझी हेही त्या कामावर होते. मराठी मुलुखातील बौद्ध लेण्यांचा वारसा हैदराबादच्या मुसलमान चित्रकारांच्या हातून कागदावर उतरला. शहरात एवढा जिव्हाळ्याचा धडा उपलब्ध असता, 1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतर मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि हैदराबादचे मराठी भाषिक अल्पसंख्य झाले. अजिंठा ‘तिकडचा’ ठरला.

विद्यमान काळी दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा (2016) व राष्ट्रीय शिक्षण धोरण (2020) यांनी या विचारास कायद्याचा व धोरणाचा आधार दिला आहे. 1979 मध्ये स्थापन झालेल्या सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्राचे एक प्रादेशिक केंद्र हैदराबादेतच असून तेथे शिक्षकांना कळसूत्री बाहुल्यांपासून हस्तकलांपर्यंत नाना गोष्टी शिकविल्या जातात. अंध मुलाच्या हाती मातीचा गोळा, बधिर मुलाच्या तळव्याखाली ढोलकीचे कातडे, इतक्या साध्या साधनांनी आरंभ करता येतो. खरी वानवा साधनांची नसून अधिकाराची आहे: कलावंताला मानधन देण्याचा, त्याला पाहुणा न समजता गुरुजी म्हणून वर्गात बसविण्याचा आणि तासिका राखण्याचा अधिकार मुख्याध्यापकाच्या हाती असतो, आणि प्रशिक्षण घेऊन परतलेला शिक्षक बाहुल्यांची पेटी घेऊन वर्गाच्या दारात येतो, तेव्हा परीक्षा जवळ आल्याकारणाने चित्रकलेचा तास गणिताकडे वर्ग झालेला असतो.