मोट, चामड्याची

विहिरीचे पाणी बैलांच्या साहाय्याने उपसण्यासाठी वापरली जाणारी कमावलेल्या कातड्याची मोठी पिशवी. तेलावर व विजेवर चालणारे पंप येण्यापूर्वी दख्खनच्या पठारावरील विहीर-बागायत मुख्यत्वे मोटेवर चाले. अशा जमिनीस ‘मोटस्थळ’, तर पाटाच्या पाण्यावरील जमिनीस ‘पाटस्थळ’ म्हणत. कातडे हा मूळचा नाशवंत पदार्थ. पाणी, ऊन व घर्षण यांमुळे ते झपाट्याने बिघडते. मोटेला या तिन्हींना रोज तोंड द्यावे लागे. तरीही ती टिकविण्याची रीत ग्रामीण कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या अनुभवातून सिद्ध केली होती. ज्यांच्या हाती हे ज्ञान होते, त्यांनाच गावाने अस्पृश्य मानले, ही या इतिहासाची दुसरी बाजू होय.

रचना : मोटेचे तोंड लोखंडी कड्याने उघडे ठेवलेले असे व तळाकडे निमुळती, लांब सोंड असे. तोंडाशी बांधलेला जाड दोर म्हणजे नाडा. तो वरच्या चाकावरून जाई. सोंडेला बांधलेला बारीक दोर म्हणजे सोंदूर. तो खालच्या रुळावरून जाई. बैल धावेवरून, म्हणजे उतरत्या वाटेवरून, खाली गेले की भरलेली मोट वर येई, सोंड थारोळ्यावर ओढली जाई आणि मोट आपोआप रिकामी होई. एका खेपेस साधारणपणे शंभर लिटर वा त्याहून अधिक पाणी निघे. मोठ्या विहिरींवर एकाच वेळी अनेक मोटा चालत. सातारा जिल्ह्यातील लिंब येथील अठराव्या शतकातील बारामोटेची विहीर याचे प्रसिद्ध उदाहरण आहे.

सोलापूर जिल्ह्यातील महत्त्व : हा जिल्हा अवर्षणप्रवण असून तेथील वार्षिक सरासरी पाऊस सु. ५५ सेंमी. आहे. सोलापूरजवळील एकरुख तलाव १८७१ मध्ये पूर्ण झाला. तथापि कालव्याच्या कक्षेबाहेरील शेतकऱ्याला विहीर व मोट यांवाचून बागायत शक्य नव्हती. १८७६-७७ सारख्या दुष्काळात विहिरीत थोडे पाणी असले, तरी ते वर काढण्यास धड मोट व धट्टेकट्टे बैल लागत. फाटलेली मोट म्हणजे उभ्या पिकाचे नुकसान. म्हणूनच मोटेची निगा ही शेतकऱ्याच्या चरितार्थाशी निगडित बाब होती.

कातडे कमावणे : मोटेचे आयुष्य प्रथम ठरे ते कातडे कमावण्याच्या कामात. सोलापूर भागात हे काम मुख्यतः ढोर समाज करीत असे. हा समाज आपली परंपरा बाराव्या शतकातील शरण कक्कय्य यांच्याशी जोडतो. कच्चे कातडे चुन्याच्या पाण्यात भिजवून त्याचे केस काढीत व ते स्वच्छ धूत. नंतर ते पिशवीसारखे शिवून टांगत आणि त्यात बाभळीची साल, तरवडाची साल किंवा हिरडा यांचा अर्क भरीत. या वनस्पतींतील टॅनिने कातड्यातील कोलॅजेन तंतूंशी बांधली जातात. त्यामुळे कातडे सहजासहजी कुजत नाही. चुना पुरता न धुतल्यास किंवा अर्क आतपर्यंत न मुरल्यास कातडे लवकर निकामी होई.

निगा : कमावलेल्या कातड्यातील तंतू एकमेकांवरून सहज सरकावेत यासाठी त्यांत तेल असावे लागते. सततच्या पाण्याने ते निघून जाते, तंतू एकमेकांस चिकटतात आणि कातडे वाळताच कडक होऊन घडीवर तडकते. यावर तेल देणे हाच उपाय होय. कातडे किंचित ओलसर असताना तेल दिले, तर पाणी उडत जाते तसतसे तेल आत शिरते. कोरड्या, कडक कातड्यावर ते वरवरच राहते. ओले कातडे कडक उन्हात किंवा विस्तवाजवळ वाळविल्यास आक्रसते. म्हणून ते सावलीत, वारा लागेल असे वाळवावे लागते. दमट, कोंदट जागी त्यास बुरशी येते.

या कामी करडईचा उपयोग उल्लेखनीय आहे. करडई हे सोलापूर जिल्ह्यातील महत्त्वाचे रब्बी गळिताचे पीक. घाण्याच्या खाद्य तेलाखेरीज तिच्या बिया मडक्यात बंद करून व बाहेरून आच देऊन एक काळे, चिकट तेल काढीत. ते खाण्याजोगे नसे. परंतु विहिरीचे दोर व चामड्याची भांडी पाण्यापासून राखण्यासाठी भारतात त्याचा वापर होत असे.

कारागीर व गाव : मोट शिवणे व सांधणे हे चांभाराचे, तर नाडा वळणे हे बहुधा मांगाचे काम असे. मोबदला बलुत्याच्या रूपाने, सुगीत धान्यात मिळे. अशा रीतीने एक मोट टिकविण्यात अनेक जातींचे श्रम एकवटत. परंतु ज्या विहिरीची मोट हे कारागीर शिवीत, तिच्या पाण्याला स्पर्श करण्याचा अधिकार त्यांना बहुधा नसे. त्यांचे कौशल्य गावाला हवे होते. त्यांचा शेजार मात्र नको होता. हे ज्ञान लेखी स्वरूपात फारसे उतरले नाही, याचे एक कारण या विषमतेत आहे.

स्थित्यंतर : मोट अधिक टिकावी हा प्रश्न आधुनिक चर्मोद्योगालाही प्रेरक ठरला. ॲल्फ्रेड चॅटर्टन यांनी १९०३ च्या सुमारास मद्रास येथे क्रोम पद्धतीने कातडे कमावण्याचे प्रयोग हाती घेतले. पाण्यात अधिक टिकणाऱ्या मोटा तयार करणे, हा त्यामागील एक प्रमुख हेतू होता. पुढे लोखंडी पत्र्याच्या मोटा आल्या. विसाव्या शतकात तेलाची एंजिने व विजेचे पंप यांचा प्रसार झाला आणि उजनी धरणामुळे (१९८०) सोलापूर जिल्ह्यातील सिंचनाचे स्वरूपच पालटले. चामड्याची मोट वापरातून गेली. धाव व थारोळे यांचे अवशेष जुन्या विहिरींवर आढळतात.

मोटेच्या निगेची तत्त्वे मात्र वनस्पतिजन्य पद्धतीने कमावलेल्या आजच्या पिशव्यांनाही लागू पडतात : भिजल्यास सावलीत वाळविणे, तंतू कोरडे पडण्यापूर्वी बेताने तेल देणे, हवेशीर जागी ठेवणे आणि शिवण उसवताच सांधून घेणे. मोटेच्या तुलनेत पिशवीला पाणी क्वचितच लागते. त्यामुळे तिला तेलही अल्पच पुरते व अति तेलाने ती डागाळते.