कॅथेटर : धाडण्याची गोष्ट

‘कॅथेटर’ म्हटले की आपल्याला लघवीची नळी आठवते. मूळ ग्रीक क्रियापदात मात्र नळीचा मागमूस नाही. ‘काता’ म्हणजे खाली आणि ‘हिएनाय’ म्हणजे धाडणे. आपल्याकडे नेमके उलटे, सुश्रुताच्या नाडीयंत्रांना नाव मिळाले ते पोकळ आकारावरून. यकृताच्या कर्करोगात ग्रीक नाव अधिक चपखल बसते. निरोगी यकृताला सुमारे पाऊण हिस्सा रक्त प्रतिहारी शिरेतून मिळते, तिथल्या गाठी मात्र मुख्यतः यकृत-रोहिणीवर पोसतात. म्हणून औषध थेट गाठींकडे धाडण्यासाठी जठराकडे जाणाऱ्या फाट्यातून बारीक नळी सरकवून तिचे टोक बरोबर तो फाटा यकृत-रोहिणीतून फुटतो तिथे बांधतात. दुसरे टोक पोटाच्या कातडीखालच्या औषधाच्या पंपाला जोडलेले असते. टोक पुढे घुसले तर गुठळीची भीती. जठराकडच्या बारीक फांद्या बांधायच्या राहिल्या तर औषध तिकडे जाऊन व्रण पडतात. पंपातले फ्लॉक्स्युरिडिन हे कर्करोगावरचे औषध यकृत पहिल्याच फेरीत बहुतांश शोषून घेते, त्यामुळे उरलेल्या शरीराला झळ कमी.

कुणी म्हणेल, व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे, आणि इथे ‘खाली’ काहीच जात नाही. कबूल, ‘काता’ झिजला. पण ‘धाडणे’ टिकले, आणि उपचाराचे यश-अपयश त्यावरच ठरते. पत्ता अचूक असूनही घात होतो तो पित्तनलिकांचा, कारण त्याही त्याच रोहिणीवर जगतात. म्हणून डॉक्टर पंपात डेक्सामेथासोन हे दाहशामक औषध मिसळतात, रक्तातली यकृताची विकरे पुन्हा पुन्हा तपासतात आणि ती वाढली की मात्रा घटवतात किंवा औषध थांबवतात.