बेने-इस्राएल मुलांचें धर्मशिक्षण

कोंकणांतील बेने-इस्राएल लोकांपाशीं पूर्वीं हिब्रू ग्रंथ नव्हते. शनिवारीं तेलाचा घाणा बंद ठेवणें, सुंता, आणि ‘शेमा’ हें श्रद्धावचन, एवढें मुलांस घरींच मिळे. १७९६ सालीं सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनीं मुंबईंत सिनेगॉग बांधलें. पुढें कोचीनहून यहुदी शिक्षक आले. मुलें हिब्रू प्रार्थना शिकूं लागलीं. परंतु अर्थावांचून पाठांतर म्हणजे निम्मेंच शिक्षण, असें माझें मास्तरकीचें मत आहे. १८४६ सालीं मुंबईंत ‘हागादा’ हें पुस्तक मराठी भाषांतरासह शिळाछापावर निघालें. वल्हांडणाच्या रात्रीं धाकटें मूल चार प्रश्न विचारतें; मराठींत वाचलेलें उत्तर आतां आईलाहि समजूं लागलें. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबें इस्राएलास गेलीं, आणि येथील सिनेगॉगांत मुलें थोडीं राहिलीं.