गोमतीचं गार पाणी

वेटसूट म्हणजे स्वेटर नव्हे, हे आमच्या पोहणाऱ्या पोरांना मी पहिल्याच दिवशी सांगतो. निओप्रीनमधल्या बारीक बुडबुड्यांनी थंडी अडते. आत शिरलेलं थोडं पाणी अंगाच्या उबेनं कोमट होतं. सूट ढगळ असला की ते पाणी सतत बदलतं आणि सगळं फुकट. म्हणून मान आणि कंबर घट्ट, खांदे मोकळे.

लखनौत मला मात्र आठवते 9 नोव्हेंबर 1857 ची रात्र. रेसिडेन्सीला वेढा (घालणारेही आपलेच). बाहेरून येणाऱ्या कॅम्पबेलच्या फौजेला वाट दाखवायला थॉमस कॅव्हना हा मुलकी कारकून वेष पालटून निघाला, सोबत हेर कनौजीलाल. कपड्यांचं गाठोडं डोक्यावर, अंग उघडं, समोर गोमती. पाणी साडेचार फूटच, पात्र शंभरएक यार्ड. तरी त्या गारठ्यानं धीर खचला. वाटाड्या हाताशी असता तर त्याला मागे ओढून बेतच सोडला असता, असं कॅव्हनानं स्वतः लिहून ठेवलंय. गार पाण्यात पहिली एकदोन मिनिटं श्वास ताब्यात राहत नाही. आमची पोरंही तिथेच गडबडतात. सूट असो-नसो, आधी कमरेइतक्या पाण्यात उभं राहायचं, श्वास लांबवायचा, मग पुढे.

कनौजीलाल एव्हाना झपाझप पलीकडे निघाला होता. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला कॅव्हनाला. मुलकी माणसांसाठी नियम 1858 मध्ये बदलला गेला. हिंदी सैनिकांना ते पदक 1911 पर्यंत खुलं नव्हतं.